जुनं रंधा मशीन : भाव कशाचा, भरवसा कशाचा

हातातलं ड्रिल जुनं झालं की मिस्त्री ते शिकाऊ पोराला देऊन टाकतो. रंधा मशीन असं देऊन टाकता येत नाही. ओतीव लोखंडाचं, चौघांना न हलणारं आणि बेसावध हाताची बोटं घेणारं हे यंत्र बंद पडलं तरी कारखान्याची जागा अडवून बसतं. विकायला काढलं की साधारण तीन तऱ्हेची माणसं येतात. पहिला वजन विचारतो. दुसरा मोटरच्या पाटीवरचे हॉर्सपॉवर वाचतो. तिसरा म्हणतो, एक फळी काढून दाखवा. एकाच यंत्राला तिघे तीन भाव सांगतात आणि बरा भाव बहुधा तिसऱ्याकडे असतो. तरी घाईत असलेला मालक पहिल्याशीच सौदा करून मोकळा होतो. हे का होतं आणि टाळायचं कसं, याचा हा धार-देवासच्या बाजूनं घेतलेला आढावा.

दोन जिल्हे, दोन गरजा

धार आणि देवास इंदूरच्या दोन अंगांना आहेत. मराठी वाचकाला ही नावं पवारांची संस्थानं म्हणून ओळखीची. देवास तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन गाद्यांचं गाव. लाकूडकामाच्या हिशेबात मात्र दोन्ही जिल्ह्यांचा तोंडवळा वेगळा आहे. धार जिल्ह्यात १९८०च्या दशकात पीथमपूर उभं राहिलं. वाहनं, त्यांचे सुटे भाग, यंत्रं, औषधं असा माल तिथून बाहेर जातो आणि जड माल म्हटला की लाकडी खोकं आणि पॅलेट आलंच. खोकेवाल्याला फळी गुळगुळीत नसली तरी चालते, जाडी मात्र सारखी लागते आणि यंत्र दिवसभर चालावं लागतं.

देवासला किर्लोस्कर ब्रदर्सचे पंप, गजरा गिअर्स, नोटा छापणारा सरकारी कारखाना अशी औद्योगिक वस्ती आहे. पंप, झडपा असे भाग ओतायचे तर आधी नमुना लागतो आणि लाकडी नमुना करणारा पॅटर्नमेकर मिलिमीटरच्या अंशात बोलतो. त्याला जोरकस यंत्र नको, खरं यंत्र हवं. जिल्ह्याच्या दक्षिणेला बागली, कन्नौद, खातेगावच्या पट्ट्यात सागाचं जंगल आहे, म्हणून दारं, चौकटी, पलंग करणारे सुतार तिकडे आहेत. शिवाय दोन्ही शहरांतले जुने वाडे उतरवले जातात तेव्हा खांब, तुळया, तक्तपोशीचा साग बाजारात येतो. हा जुना साग पुन्हा रंधून वापरणारा कारागीर हे चौथं गिऱ्हाईक. त्याच्या लाकडात विस्मृतीत गेलेले खिळे असतात, म्हणून त्याला पाती स्वस्त आणि सहज बदलता येणारं यंत्र लागतं.

यंत्र एकच, पण या चौघांच्या लेखी त्याची किंमत एक नाही. विकणाऱ्यानं भाव ठरवण्याआधी आपलं यंत्र यांच्यापैकी कुणाचं आहे ते ठरवावं.

यंत्र एक, कामं दोन

बोलताना सगळ्यालाच रंधा मशीन म्हणतात, पण त्यात दोन स्वतंत्र कामं आहेत. सरफेस प्लेनरला दोन टेबलं असतात आणि त्यांच्या मध्ये कटर ब्लॉक फिरतो. माणूस फळी हातानं वरून पुढे नेतो. वाक आणि पीळ काढणं, एक अंग सपाट करणं आणि त्याच्याशी एक कड काटकोनात आणणं हे त्याचं काम. थिकनेसरमध्ये ब्लॉक वर असतो, टेबल खाली. रोलर फळी आत ओढतात आणि वरचं अंग खालच्याला समांतर कापलं जातं.

वाकडी फळी थेट थिकनेसरमध्ये घातली तर रोलर तिला दाबून सपाट धरतात. बाहेर पडली की ती पुन्हा वाकते. जाडी सारखी, वाक तसाच. म्हणून ज्याच्याकडे नुसता थिकनेसर आहे त्याला सरफेस प्लेनर लागतोच, आणि एकाच ब्लॉकवर दोन्ही कामं करणारं जोड मशीन लहान कारखान्याला परवडतं. जोड मशीनची उणीव अशी की वरची टेबलं आखूड असतात. टेबलांच्या एकूण लांबीच्या सुमारे दुपटीपर्यंतची फळी सरळ करता येते, असा कारागिरांचा ढोबळ हिशेब आहे. सात फुटी चौकटीचं लाकूड घेऊन येणारा सुतार आधी टेबलाला टेप लावून बघतो ते यासाठी.

अलीकडे तिसरा प्रकार आला आहे : उचलून नेता येणारा बारा-तेरा इंची थिकनेसर. मकिताचा २०१२एनबी सुमारे २८ किलोचा आहे आणि तो साध्या सिंगल फेजवर चालतो. खेड्यात काम असलेल्या, साइटवर जाऊन फर्निचर करणाऱ्या मिस्त्रीला तो सोयीचा. त्यात कार्बन ब्रशची मोटर असते, म्हणून जुना घेताना लोखंडापेक्षा मोटरचं आयुष्य महत्त्वाचं.

या यंत्राच्या किमतीला लोखंडाखेरीज दुसरं काही कारण असतं, ही गोष्ट यंत्राइतकीच जुनी आहे. इंग्लंडमध्ये सॅम्युअल बेंथमनं १७९१ आणि १७९३ मध्ये, जोसेफ ब्रामानं १८०२ मध्ये रंधण्याच्या यंत्रांची पेटंटं घेतली. अमेरिकेत विल्यम वुडवर्थचं १८२८ चं पेटंट मुदतवाढी घेत घेत १८५६ पर्यंत टिकलं आणि तोवर गावोगावच्या गिरण्यांना फळ्या रंधण्याच्या हक्काचे पैसे मोजावे लागले. तिथं यंत्रापेक्षा ते चालवण्याची परवानगी महाग होती. आपल्याकडे ती जागा लाकूड, वीज आणि माणूस यांनी घेतली आहे.

विकायला का निघतं?

चालू यंत्र विकायला निघण्याचं पहिलं कारण लाकूडच आहे. फ्लश डोअर, प्लायवूड, एमडीएफ, अॅल्युमिनियम आणि यूपीव्हीसीच्या खिडक्या आल्या आणि घन लाकडाचं काम आक्रसलं. प्लायला रंधा लागत नाही. लागतं ते पॅनेल सॉ आणि एज बँडिंग. मॉड्युलर फर्निचरकडे वळलेला कारखानदार रंधा विकून ते पैसे तिकडे घालतो.

दुसरं कारण कायद्याचं. मध्य प्रदेशात काष्ठ चिरान (विनियमन) अधिनियम १९८४ पासून लाकूड चिरण्याच्या धंद्याला परवाना लागतो. सर्वोच्च न्यायालयानं गोदावर्मन प्रकरणात १२ डिसेंबर १९९६ ला दिलेला आदेश आणि २००२ चा आदेश यांनी नव्या आरा मशिनींवर मोठी बंधनं आणली; २०१६ मध्ये केंद्रानं लाकूड-आधारित उद्योगांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. या सगळ्याचा रोख गोल लाकूड चिरण्यावर आहे, रंधण्यावर नाही. पण आरा मशीन बंद झाली की तिच्या शेजारचा रंधाही रिकामा बसतो आणि मग दोन्ही एकत्र विकायला येतात.

तिसरं कारण घरातलं. मुलगा पीथमपूरच्या कंपनीत लागतो, वडिलांची नजर आणि हात मंदावतात. उलट दिशेनं नवे घेणारेही तयार होत आहेत. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत, त्यांत सुतार आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांची मदत आणि ५ टक्के व्याजानं आधी १ लाख, नंतर २ लाखांपर्यंत कर्ज त्यात मिळतं. हातरंध्यावरून यंत्रावर येऊ पाहणारा कारागीर अशा रकमेच्या आवाक्यातलं जुनं यंत्र शोधत असेल, तर विकणाऱ्याला तो माहीत असायला हवा.

एकाच यंत्राचे तीन भाव

पहिला भाव वहीतला. आयकराच्या हिशेबात यंत्रांवर उतरत्या शिलकीनं १५ टक्के घसारा धरतात. एक लाखाचं यंत्र पाच वर्षांनी वहीत सुमारे ४४,३७० रुपयांवर येतं आणि दहा वर्षांनी सुमारे १९,६९० वर. या आकड्याचा बाजाराशी संबंध नाही. तो फक्त करासाठी आहे. वहीत उरलेल्या किमतीला यंत्र मागणारा गिऱ्हाईक विकणाऱ्याची वही वापरून त्यालाच गप्प करत असतो.

दुसरा भाव भंगाराचा. ओतीव लोखंडाचं वजन, मोटरमधलं तांबं, एवढाच त्याचा आधार. हा भाव कमीत कमी किती मिळेल ते सांगतो, म्हणून बोलणी सुरू करण्याआधी तो माहीत करून घ्यावा. यंत्राचा पाया तडकला असेल किंवा ब्लॉकच वाकला असेल तर हाच खरा भाव आणि तो कबूल करण्यात शहाणपण आहे.

तिसरा भाव कामाचा. असंच नवं यंत्र आज केवढ्याला येतं त्यापासून सुरुवात करावी. बटाला, राजकोट इथल्या ओतकामाच्या यंत्रांचे भाव इंदूरच्या सियागंजात विचारले की कळतात. त्यातून पाती, बेअरिंग, पट्टा, स्टार्टर यांतलं काय काय बदलावं लागेल त्याचा खर्च वजा करावा, वाहतूक आणि बसवण्याचा खर्च वजा करावा आणि नव्याबरोबर मिळणारी हमी इथं नाही म्हणून आणखी काही. उरतो तो आकडा मागण्याजोगा. युरोपीय यंत्रांना, फेल्डर किंवा एससीएमसारख्यांना, हाच हिशेब लागू होतो, पण त्यांचे सुटे भाग कुठून येणार याचं उत्तर आधी द्यावं लागतं.

विजेचा मुद्दा या हिशेबात हमखास निसटतो. मोठ्या यंत्राची मोटर थ्री फेजची, ४१५ व्होल्टची असते. गावातल्या सुताराकडे सिंगल फेजच असेल तर जोडभार वाढवून घेण्याचा किंवा मोटर बदलण्याचा खर्च त्याच्या डोक्यात असतो आणि तो तेवढे पैसे भावातून कापतो. मोटर वेगळी काढून यंत्र पुलीसह विकायची तयारी असेल तर गिऱ्हाइकांची संख्या वाढते.

लपवण्याचा तोटा

जुन्या मालाचा बाजार का बिघडतो, यावर जॉर्ज अॅकरलॉफ या अर्थतज्ज्ञानं १९७० मध्ये एक निबंध लिहिला. त्याचं उदाहरण जुन्या मोटारींचं होतं. विकणाऱ्याला मालातले दोष माहीत असतात, घेणाऱ्याला नसतात. म्हणून घेणारा सगळ्याच मालाला वाईट मालाचा भाव देऊ करतो. त्या भावात चांगला माल विकणं मालकाला परवडत नाही, तो माल मागे घेतो आणि बाजारात खरोखरच वाईट माल उरतो. २००१ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या तिघांत अॅकरलॉफ होता.

धारला या विषयात हजार वर्षांपूर्वीचा एक संदर्भ आहे. राजा भोजाच्या नावावरच्या समरांगणसूत्रधार या वास्तुग्रंथात ८३ अध्याय आहेत आणि ३१ वा अध्याय यंत्रांचा. लाकडी द्वारपाल, लाकडाचा उडणारा पक्षी अशी यंत्रं त्यात येतात. ती जोडायची कशी हे मात्र पूर्ण सांगितलेलं नाही, आणि ग्रंथकार स्वतःच म्हणतो की हे अज्ञानामुळे नव्हे, गुप्ततेसाठी सांगितलेलं नाही. राजाच्या कारागिरांना ते साजेसं असेल. विद्या राखायची तर गुपित कामाला येतं. माल विकायचा तर तेच गुपित भाव पाडतं. रंधा विकणाऱ्यानं जितकं झाकलं तितका घेणाऱ्यानं वाईटाचा अंदाज बांधला.

म्हणून विकण्याआधी यंत्राला रंग देऊ नये. ताज्या रंगाखाली चीर, झाळलेली जागा, गंज दडलेला असू शकतो हे जाणत्याला ठाऊक असतं आणि रंग पाहिला की तो भाव कमीच सांगतो. टेबलं रॉकेलनं पुसावीत, राळ खरवडावी, तेल द्यावं, बाकी यंत्र जसं आहे तसं ठेवावं.

दाखवायचं काय?

ब्लॉकपासून सुरुवात करावी, कारण यंत्राचा जीव तिथं आहे. वीज तोडून, पट्टा काढून पुलीनं ब्लॉक फिरवला तर तो खरखर न करता फिरला पाहिजे; वर-खाली हलवून पाहिला तर ढिला लागता कामा नये. बेअरिंग बदलणं मोठं काम नाही. पण बेअरिंग सैल असताना यंत्र वर्षानुवर्षं चालवलं असेल तर ज्या घरात ते बसतं तेही झिजतं आणि तो खर्च वेगळा. यंत्र पंधरा-वीस मिनिटं चालवून बेअरिंगवर हात ठेवावा; कोमट असेल तर ठीक, चटका बसला तर कारण शोधावं.

मग पाती. प्रत्येक धारेला पातं अरुंद होत जातं आणि एका मर्यादेनंतर पाचर त्याला नीट पकडू शकत नाही. पात्यांत किती आयुष्य उरलं आहे ते मोजून सांगावं. सगळी पाती सारख्या वजनाची आणि सारखी बाहेर आलेली असावीत. तपासायचा मार्ग सोपा आहे. तीन पात्यांचा ब्लॉक मिनिटाला ५,००० फेरे घेत असेल तर १५,००० काप पडतात. फळी मिनिटाला ६ मीटर पुढे जात असेल तर दर ०.४ मिलिमीटरला एक काप. रंधलेली फळी उजेडात तिरकी धरली की हे बारीक तरंग दिसतात. ते १.२ मिलिमीटर अंतरावर दिसले तर तीनपैकी एकच पातं कापतंय, बाकीची दोन नुसती फिरतायत. यंत्र खराब नाही, पाती लावणाऱ्यानं चूक केली आहे. हा फरक कळणारा विक्रेता भावात टिकतो.

टेबल सपाट आहे का ते सरळ पट्टी आणि फिलर गेजनं पाहावं. सरफेस प्लेनरचं मागचं टेबल पात्यांच्या टोकाशी बरोबर एका पातळीत असलं पाहिजे, नाहीतर फळीच्या शेवटच्या दोन-तीन इंचांवर खोल चावा पडतो. थिकनेसरचं टेबल दोन्ही बाजूंनी सारखं वर येतं का, हे कळायला फळी काढून चारही कोपऱ्यांवर व्हर्नियर लावावा. एका बाजूला जाडी कमी आली तर स्क्रू किंवा साखळीचा मेळ बिघडला आहे. तो जुळवता येतो. ओढणाऱ्या रोलरचे दाते झिजले असतील तर फळी मध्येच थांबते आणि माणूस मागून ढकलतो. तिथं दुखापतीची वाट मोकळी होते.

दाखवण्यासाठी पाईनची मऊ पट्टी घेऊ नये. तिच्यावर कुठलंही यंत्र चांगलं दिसतं. यंत्राच्या पूर्ण रुंदीची, गाठी असलेली सागाची किंवा बाभळीची फळी घ्यावी. सागात वाळूचा अंश असतो आणि तो पात्याची धार लवकर घालवतो, म्हणून सागावर काम करणारा गिऱ्हाईक सागाचीच परीक्षा मागतो. पूर्ण रुंदीवर मोटर दम धरते का, पट्टा घसरतो का, वेग पडतो का, हे त्याच एका फळीत उघड होतं.

गिऱ्हाईक कुठे भेटतं?

पहिली जागा पात्यांना धार लावून देणाऱ्याचं दुकान. कोणाचं यंत्र किती चालतं, कोण धंदा वाढवतोय, कोण बंद करतोय, हे ज्याच्याकडे पाती धारेला येतात त्याला आपोआप कळतं. त्याच्यामार्फत आलेला गिऱ्हाईक यंत्र ओळखणारा असतो आणि मध्यस्थाचं नाव पणाला लागलेलं असल्यानं सौदाही सरळ होतो. दुसरी जागा प्लाय-हार्डवेअरची दुकानं आणि लाकडाच्या वखारी. तिसरी जुनी यंत्रं घेऊन दुरुस्त करून विकणारे व्यापारी. ते भाव कमी देतात, पण पैसे लगेच देतात आणि यंत्र स्वतः उचलून नेतात. घाई असेल तर हा मार्ग वाईट नाही, फक्त त्यात घाईची किंमत आहे हे ओळखून जावं.

ओएलएक्स, इंडियामार्ट, फेसबुक आणि व्हॉट्सअॅपच्या गटांमुळे धारचं यंत्र रतलाम, बऱ्हाणपूर, जळगावपर्यंत दिसतं. जाहिरातीत यंत्राचा लांबून काढलेला फोटो कामाचा नाही. मोटरची पाटी, ब्लॉक जवळून, टेबलाखालचा भाग आणि फळी आत जाऊन बाहेर येईपर्यंतचा न तोडलेला व्हिडिओ टाकावा. इथं एक फसवणूक नेहमीची आहे : न पाहताच भाव मान्य करणारा माणूस, सैन्यात असल्याची बतावणी आणि पैसे घेण्यासाठी स्कॅन करायला पाठवलेला क्यूआर कोड. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

मोठ्या कारखान्याचा पॅटर्न विभाग किंवा सरकारी उपक्रमाची निकामी सामग्री लिलावानं जाते; १९६४ मध्ये स्थापन झालेली एमएसटीसी ही सरकारी कंपनी असे ई-लिलाव चालवते. तिथं माल जसा आहे तसा, जिथं आहे तिथं विकला जातो. लहान कारखानदाराला ते विकण्यापेक्षा घेण्यासाठी उपयोगी.

कागद

यंत्रावर बँकेचं कर्ज असेल तर ते तारण आहे. बँकेचं ना-हरकत पत्र आल्याशिवाय विकू नये. मूळ बिल असेल तर द्यावं, नसेल तर यंत्राचा क्रमांक, मोटरचा क्रमांक, रुंदी, पात्यांची संख्या, माहीत असलेले दोष आणि रक्कम असं साधं विक्रीपत्र दोघांच्या सह्यांनी करावं. १९३० च्या मालविक्री कायद्यानुसार वर्णनावर विकलेला माल वर्णनाशी जुळला पाहिजे. लिहून दिलेले दोष म्हणूनच विकणाऱ्याला सांभाळतात. पुढे वाद झाला तर जे सांगितलं होतं ते कागदावर असतं.

जीएसटीत लाकूडकामाची यंत्रं ८४६५ या शीर्षकाखाली येतात आणि त्यावर १८ टक्के कर आहे. नोंदणी असलेल्या कारखान्यानं खरेदीच्या वेळी कराचं क्रेडिट घेतलं असेल तर विकताना दोन आकडे काढावे लागतात : दर तिमाहीला पाच टक्के बिंदू कमी करत उरलेलं क्रेडिट आणि विक्रीच्या रकमेवरचा कर. यांतला जो मोठा तो भरायचा. जुना माल घेऊन विकणाऱ्या व्यापाऱ्यानं खरेदीवर क्रेडिट घेतलं नसेल तर त्याला फक्त खरेदी-विक्रीतल्या फरकावर कर भरण्याची सोय नियम ३२(५) मध्ये आहे. यंत्र राज्याबाहेर, समजा धुळ्याला, जात असेल आणि किंमत ५०,००० च्या वर असेल तर ई-वे बिल लागतं. भाव करसकट की कराशिवाय हे पहिल्याच फोनवर सांगितलं तर शेवटी हुज्जत होत नाही.

यंत्राला गोल करवत जोडलेली असेल तर ते नुसतं रंधा मशीन राहत नाही. अशा जोडणीला परवाना लागतो का, हे घेणाऱ्यानं आपल्या वनमंडळाच्या कार्यालयात विचारावं आणि विकणाऱ्यानं ते त्याला सांगावं.

यंत्राबरोबर धोका देऊ नये

लाकूडकामात रंध्याचा ब्लॉक सर्वांत फसवा, कारण तो फिरताना दिसत नाही. धूसर चकचकीत नळी दिसते. जुन्यात जुन्या यंत्रांत ब्लॉक चौकोनी असे. त्याच्या आणि टेबलाच्या मधली फट मोठी, म्हणून बोट गेलं तर खोलवर जाई. ब्रिटनमध्ये १९२२ च्या नियमांनी हातानं फळी पुढे न्यायच्या यंत्राला गोल ब्लॉक सक्तीचा केला. आजही चौकोनी ब्लॉकचं यंत्र कुणाकडे असेल तर ते चालवायला विकू नये. त्याचा योग्य भाव भंगाराचाच.

गोल ब्लॉक असला तरी त्यावरचं झाकण अनेकदा काढून कोपऱ्यात टाकलेलं असतं, कारण ते मध्ये येतं. विकण्याआधी ते शोधून बसवावं. नसेल तर फॅब्रिकेटरकडून करून घ्यावं. त्याचा खर्च यंत्राच्या किमतीपुढे किरकोळ आहे. फळी पुढे ढकलायचे दोन लाकडी ठोकळे, थिकनेसरमधली फळी मागे फेकली जाऊ नये म्हणून असलेली अडसरबोटं, पट्ट्यावरचं कव्हर, हाताशी येणारा बंद करायचा स्विच, हे सगळं यंत्राबरोबर जावं. १९४८ च्या कारखाने कायद्यानं कलम २६ मध्ये फिरत्या भागांवरचे बाहेर आलेले स्क्रू आणि उघडे गिअर झाकायला सांगितलं, आणि तसं न केलेलं यंत्र कारखान्यासाठी विकणाऱ्याला किंवा भाड्यानं देणाऱ्यालाही तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंडाच्या कक्षेत आणलं. त्या कायद्याची जागा आता २०२० च्या संहितेनं घेतली आहे, पण विकणाऱ्याच्या जबाबदारीचं तत्त्व जुन्या यंत्राच्या सौद्यात विसरण्याजोगं नाही.

घेणारा हातरंध्यावरून पहिल्यांदाच यंत्रावर येत असेल तर त्याच्यासमोर तासभर काम करून दाखवणं हाही सौद्याचाच भाग धरावा. आखूड तुकडा यंत्रावर घ्यायचा नाही, हातमोजे घालायचे नाहीत, ब्लॉकवरून हात कधी न्यायचा नाही, ही तीन वाक्यं बिलापेक्षा कमी महत्त्वाची नाहीत.

उचलणं आणि बसवणं

सौदा ठरल्यावर बिघडतं ते गाडीत चढवताना. दोर किंवा साखळी टेबलांना बांधून यंत्र उचललं तर टेबल वाकतं आणि मग दाखवलेली फळी आणि घरी निघालेली फळी एक राहत नाही. उचल नेहमी खालच्या पायापासून घ्यावी. त्याआधी पाती काढून वेगळी बांधावी, थिकनेसरचं टेबल खाली आणून टेकवावं, टेबलांवर ग्रीसचा हात फिरवावा. चढवणं कुणाच्या खर्चानं, उतरवणं कुणाच्या, वाटेत मोडलं तर कुणाचं, हे आधी ठरवावं. ही तीन उत्तरं विक्रीपत्रात दोन ओळींत मावतात.

नव्या जागी यंत्र लेव्हलवर बसवावं. थ्री फेजची जोडणी केल्यावर पट्टा चढवण्याआधी मोटर क्षणभर चालवून ती कोणत्या दिशेनं फिरते ते पाहावं. दोन तारांची अदलाबदल झाली तर मोटर उलटी फिरते आणि उलट फिरणारा ब्लॉक फळी कापण्याऐवजी पुढे हिसकावून नेतो. हे यंत्राचं वैगुण्य नाही, पण पहिल्या दिवशी घडलं तर घेणारा विकणाऱ्यालाच दोष देतो. म्हणून बसवताना विकणाऱ्यानं किंवा त्याच्या माणसानं हजर राहावं.

तर मग

यंत्र विकायचंच का, हाही प्रश्न आहे. जुन्या सागाचं काम मिळत असेल, शेजारपाजारच्या सुतारांना फळ्या रंधून देऊन मजुरी येत असेल तर कोपऱ्यातलं यंत्र भंगाराच्या भावात घालवण्यापेक्षा चालू ठेवणं बरं. ते परवडत नसेल तर विकावं, पण आधी स्वच्छ करून, दोष लिहून, झाकण बसवून आणि कामाची फळी काढून. यांतल्या कुठल्याच गोष्टीला फार पैसे लागत नाहीत.

एक उणीव उरते. विकणारा काहीही म्हणाला तरी घेणाऱ्याला तिसऱ्याचं मत हवं असतं. आयटीआयमध्ये सुतारकामाचा अभ्यासक्रम आहे, गावात अनुभवी पॅटर्नमेकर आहेत. सरळ पट्टी, फिलर गेज आणि व्हर्नियर घेऊन ठरलेल्या फीमध्ये जुनं यंत्र तपासून एक पानाचा लेखी अभिप्राय देण्याचं काम यांच्यापैकी कुणीही करू शकतं. मोटारी आणि घरं घेताना अशी तपासणी आपण मागतो. धार आणि देवासच्या सुतारांच्या किंवा लघुउद्योजकांच्या संघटनेनं हे सुरू केलं तर चांगल्या यंत्राच्या मालकाला त्याचा भाव मिळेल, नवशिक्या सुताराला धोकादायक यंत्र गळ्यात पडणार नाही, आणि भंगारवाल्याकडे तेवढंच जाईल जे खरोखर भंगार आहे.